धर्मग्रामातल्या लोकांचं म्हणणं कसं ऐकावं, कसं लिहावं आणि कुठवर न्यावं: ऑस्ट्रेलियाच्या कॅथोलिक चर्चच्या अनुभवावरून एक मार्गदर्शक

ऑस्ट्रेलियाच्या कॅथोलिक चर्चने २०१८ च्या पेंटेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला) आपल्या सगळ्या सभासदांपुढे एक प्रश्न ठेवला. आजच्या काळात, ऑस्ट्रेलियात, देव आपल्याकडून काय मागतो आहे असं तुम्हाला वाटतं? मार्च २०१९ पर्यंत उत्तरं येत राहिली. २ लाख २२ हजारांवर माणसं त्यात सामील झाली आणि १७,४५७ निवेदनं जमली. या उत्तरांच्या आधारावर पुढे पाचवी प्लेनरी कौन्सिल भरली. संपूर्ण देशाच्या चर्चसाठी नियम करू शकणारी ही सभा त्याआधी १९३७ साली भरली होती.

आपल्याकडे हा विषय आत्ता काढायचं कारण आहे. २०२१ ते २०२४ या काळात चाललेल्या जागतिक सिनडची (चर्चच्या विचारविनिमय सभेची) अंमलबजावणी सध्या सुरू आहे. २०२७ च्या पहिल्या सहामाहीत प्रत्येक धर्मप्रांतात (एका बिशपाच्या अखत्यारीतल्या भागात) आढावा सभा, त्याच वर्षाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय पातळीवरच्या सभा आणि ऑक्टोबर २०२८ मध्ये व्हॅटिकनमध्ये सर्व जगाची सभा, असं वेळापत्रक रोमने जाहीर केलेलं आहे. म्हणजे वसई, मुंबई, पुणे, नाशिक, औरंगाबाद, सिंधुदुर्ग, कुठेही असा, तुमच्या पॅरिश कौन्सिलच्या (धर्मग्रामाच्या, म्हणजे एका स्थानिक चर्चच्या लोकांच्या, सल्लागार मंडळाच्या) सचिवाला किंवा लघु ख्रिस्ती समूहाच्या संयोजकाला एके दिवशी सांगितलं जाईल, "लोकांची मतं गोळा करून द्या." ते काम ज्यांच्या अंगावर पडणार आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी विचारा: आपण हे का करतो आहोत?

ऑस्ट्रेलियात याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सरकारी रॉयल कमिशनने २०१३ ते २०१७ अशी पाच वर्षं साक्षी घेतल्या. १९८० ते २०१५ या काळात ४,४४४ जणांनी कॅथोलिक संस्थांकडे अत्याचाराच्या तक्रारी केल्याचं त्यातून उघड झालं. कमिशनने चर्चच्या कारभारावरही बोट ठेवलं. धर्मप्रांत आणि धर्मग्राम कसे चालतात, त्यात पारदर्शकता किती, प्रापंचिक (धर्मगुरू किंवा सिस्टर नसलेल्या) स्त्री-पुरुषांना किती विचारलं जातं, याचा राष्ट्रीय आढावा घ्या, अशी थेट शिफारस केली. त्यानुसार तयार झालेला ८६ शिफारशींचा अहवाल २०२० साली बाहेर आला.

तुमच्या धर्मग्रामाचं कारण एवढं मोठं नसेल. पण ते असायला हवं, आणि दोन वाक्यांत सांगता यायला हवं. "वरून पत्र आलंय" एवढंच कारण असेल तर लोक ते पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात आणि त्यानुसारच बोलतात. तरुण मुलं मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) येईनाशी झाली आहेत, जमिनीच्या व्यवहारावरून गावात दोन तट पडले आहेत, धर्मग्रामाच्या पैशाबद्दल कुजबुज आहे, यांतलं जे खरं असेल ते फादरांनी आणि कौन्सिलने पहिल्याच सभेत स्वतःच्या तोंडाने मांडावं.

पहिली पायरी: निर्णय कोण घेणार, ते लोकांना बोलतं करण्याआधी सांगा

ही पायरी सगळीकडे गाळली जाते आणि पुढचा बहुतेक कडवटपणा इथूनच येतो.

कॅथोलिक चर्चच्या कायद्यात मत दोन प्रकारचं असतं. एक निर्णायक, दुसरं सल्ल्यापुरतं. प्लेनरी कौन्सिलमध्ये निर्णायक मत बिशपांचं असतं. बोलावलेल्या धर्मगुरूंचं, सिस्टरांचं आणि प्रापंचिकांचं मत सल्ल्यापुरतं. मंजूर झालेले ठरावसुद्धा रोमने तपासल्याशिवाय लागू होत नाहीत. धर्मप्रांताच्या सिनडमध्ये कायदा करणारे एकटे बिशप. पॅरिश कौन्सिलही सल्लाच देते.

त्याच कायद्याच्या २१२ व्या कलमात मात्र असंही म्हटलं आहे की चर्चच्या भल्याच्या बाबतीत आपलं मत धर्माधिकाऱ्यांना कळवण्याचा श्रद्धावंतांना हक्क आहे आणि कधी कधी ते त्यांचं कर्तव्यही आहे. सभेत दोन्ही गोष्टी एका दमात सांगा. "तुम्ही जे म्हणाल ते लिहून घेतलं जाईल, अमुक व्यक्ती ते वाचेल, अमुक तारखेपर्यंत उत्तर मिळेल. निर्णय बिशपांचा आहे. यांतल्या काही गोष्टी फक्त रोम बदलू शकतं." एवढं सांगितल्यावरही लोक बोलतात. उलट जास्त मोकळं बोलतात, कारण आपल्या शब्दाचं पुढे काय होणार हे त्यांना कळलेलं असतं.

हे बोलणं तोंडी सोडू नका. एका कागदावर छापून फलकावर लावा आणि त्याखाली फादरांची सही घ्या.

दुसरी पायरी: प्रश्न

२०१३ च्या अखेरीस कुटुंबविषयक सिनडच्या तयारीसाठी रोमने जगभर ३९ प्रश्नांची प्रश्नावली पाठवली होती. त्यातली भाषा धर्मशास्त्राच्या वर्गातली होती. नैसर्गिक नियमाची संकल्पना लोकांना कितपत मान्य आहे, अशा धाटणीची. तीन मुलांच्या आईने त्यावर काय लिहायचं? ऑस्ट्रेलियाने एकच खुला प्रश्न ठेवला आणि सोबत आपला अनुभव, आपली गोष्ट सांगायला जागा दिली. त्यामुळे कागद भरभरून आले. त्याची किंमत त्यांनी पुढे वर्गीकरणाच्या वेळी मोजली, पण प्रश्नाची निवड बरोबर होती असं माझं ठाम मत आहे.

आपल्यासाठी एक मोठा खुला प्रश्न आणि त्याच्या आधाराला दोन छोटे, एवढं पुरतं. मोठा असा: "आपल्या धर्मग्रामाने आज काय करावं अशी देवाची इच्छा आहे, असं तुम्हाला वाटतं?" छोटे असे: "चर्चमध्ये तुम्हाला आपलेपणा कधी वाटला?" आणि "चर्चने तुम्हाला कधी दूर लोटलं?" तिसरा प्रश्न काढून टाकण्याचा आग्रह होईल. काढू नका.

ज्याचं उत्तर ठरलेलं आहे असा प्रश्न विचारू नका. "आपल्या तरुणांमध्ये श्रद्धा कमी का झाली?" या प्रश्नात आरोप आधीच करून झालेला आहे.

भाषेचंही बघा. छापील प्रश्न मराठीत असू देत, पण उत्तर सामवेदीत, वाडवळीत, वारलीत, कोकणीत, हिंदीत, ज्याच्या तोंडी जे असेल त्यात येऊ द्या. लिहून घेणारा त्या बोलीतला असेल तर आजी जे प्रमाण मराठीत कधीच बोलणार नाही ते बोलतील.

तिसरी पायरी: जे येत नाहीत त्यांच्याकडे जा

२ लाख २२ हजार हा आकडा मोठा वाटतो. पण २०१६ च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात सुमारे ५३ लाख कॅथोलिक होते, म्हणजे शंभरातले चार जण बोलले. जे नियमित येतात, ज्यांना फॉर्म कुठे मिळतो हे माहीत असतं, तेच अशा प्रक्रियेत आधी पोचतात. आपल्याकडेही रविवारच्या मिस्सेनंतर हॉलमध्ये थांबलेली तीस माणसं म्हणजे धर्मग्राम, असं समजण्याचा मोह होतो.

म्हणून सभेच्या आधी कौन्सिलने बसून एक यादी करावी: कोण येणार नाही? घटस्फोट झालेले. आंतरधर्मीय लग्न केल्यावर येणं थांबलेले. भाड्याच्या खोल्यांत राहणारी, दुसऱ्या राज्यांतून आलेली कॅथोलिक कुटुंबं. आदिवासी पाड्यांवरचे. अंथरुणाला खिळलेले. फादरांशी किंवा कौन्सिलशी भांडण होऊन दुरावलेले. प्रत्येक गटापुढे कौन्सिलमधल्या एकाचं नाव लिहा आणि त्याने स्वतः जाऊन बोलायचं ठरवा. हे काम पत्रकाने होत नाही.

वेळही बघा. संध्याकाळी सातची सभा म्हणजे स्वयंपाकाच्या वेळी बायका गैरहजर आणि चर्चगेटहून विरार लोकलने परतणारे नोकरदारही गैरहजर. एक सभा दुपारी, एक रात्री साडेनऊला, एक तरुणांसाठी वेगळी. ज्यांना बोलायचं नाही त्यांच्यासाठी पेटी ठेवा, मोबाइलवरचा फॉर्म ठेवा. नाव लिहिण्याची सक्ती कुठेच नको.

चौथी पायरी: प्रत्यक्ष बैठक

रोममध्ये ऑक्टोबर २०२३ च्या सत्रात कार्डिनल, सिस्टर आणि प्रापंचिक एकाच गोल टेबलाभोवती बसले. स्त्रियांना मताधिकारही त्या सत्रात पहिल्यांदा मिळाला. तिथे वापरलेली पद्धत धर्मग्रामाच्या हॉलमध्ये जशीच्या तशी चालते. तिला आत्म्यातील संभाषण म्हणतात.

सहा ते आठ जणांचा एक गट, गोल बसलेला. एक संचालक, एक लिहिणारा. नवरा-बायको, सासू-सून, मालक आणि त्याच्याकडे काम करणारा, यांना एका गटात ठेवू नका. प्रार्थना, बायबलमधला छोटा उतारा, दोन मिनिटं शांतता.

मग पहिली फेरी. प्रत्येकाला तीन मिनिटं. कुणी मध्ये बोलायचं नाही, दुरुस्ती करायची नाही, "तसं नव्हे हो" म्हणायचं नाही. संचालकाने घड्याळ टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवावं. तीन मिनिटं संपली की नुसता हात वर करावा, मग तो सरपंच असो की शाळेचे माजी मुख्याध्यापक. कुणाला बोलायचं नसेल तर त्याची तीन मिनिटं शांततेत जाऊ द्यावीत, पुढच्याकडे घाईने वळू नये. बऱ्याचदा दीड मिनिट झाल्यावर तो माणूस बोलायला लागतो.

पुन्हा शांतता. दुसऱ्या फेरीत आपलं मत सांगायचं नाही. इतरांनी जे सांगितलं त्यातलं काय आपल्या मनाला लागलं, एवढंच सांगायचं. इथे लोक अडखळतात, कारण आपल्याला सभेत उत्तर द्यायची सवय आहे, ऐकलेलं परत सांगायची नाही. संचालकाने हळूच आठवण करून द्यावी. सगळ्या बैठकीत महत्त्वाची फेरी हीच. समोरच्या बाईंनी सांगितलेलं दुःख दुसरं कुणी आपल्या तोंडाने पुन्हा सांगतं, तेव्हा ते तिच्या एकटीचं राहत नाही.

तिसऱ्या फेरीत सगळे मिळून ठरवतात: आपलं कशावर एकमत झालं, कशावर मतभेद राहिले, कोणता प्रश्न अनुत्तरित आहे. लिहिणाऱ्याने तीन रकान्यांत हे उतरवावं आणि उठण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावं. "मी असं म्हटलं नव्हतं" हे वाक्य तिथेच यायला हवं, महिन्याने नाही.

फादरांचं काय? प्रार्थना त्यांनी घ्यावी आणि मग एखाद्या गटात इतरांसारखं बसावं, तीन मिनिटांच्या मर्यादेसह. संचालक त्यांनी होऊ नये. काही धर्मग्रामांत ते हॉलमध्ये असताना लोक बोलणारच नाहीत. तसं असेल तर पहिल्या बैठकीपुरतं त्यांनी बाहेर राहावं, आणि हे त्यांना सांगण्याचं धाडस कौन्सिलने करावं.

बैठकीत कुणी अत्याचाराबद्दल बोललं तर

हे होऊ शकतं. खरंखुरं ऐकणं सुरू झालं की होतंच. तयारी आधीपासून हवी.

संचालकाने शांतपणे आभार मानावेत, गटात तपशील विचारू नयेत, कुणाला शंका काढू देऊ नये. बैठकीनंतर दोन विश्वासू माणसांनी, त्यात एक स्त्री हवीच, त्या व्यक्तीशी एकांतात बोलावं. पीडित १८ वर्षांखालील असेल तर कायद्यात पळवाट नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार ज्याला ज्याला अशा गुन्ह्याची माहिती होते त्याने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला द्यावीच लागते. न देणं हाच गुन्हा आहे. "आधी फादरांना विचारू", "आधी बिशप हाउसला कळवू" यात वेळ घालवू नका. तिकडेही कळवायचं, पण पोलिसांना कळवणं थांबवून नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक हॉलच्या भिंतीवर लावलेला असू द्या. पीडित आज प्रौढ असेल तर पुढे काय करायचं ते तिने किंवा त्याने ठरवावं, आपण सोबत जाण्याची तयारी ठेवावी. यातला एकही शब्द बैठकीच्या इतिवृत्तात नावानिशी जाता कामा नये.

पाचवी पायरी: शब्द वर जाताना पातळ होऊ देऊ नका

ऑस्ट्रेलियाच्या अनुभवातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हा आहे.

१७,४५७ निवेदनं बिशप परिषदेच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राने वाचली, वर्गवारी केली आणि जुलै २०१९ मध्ये अहवाल उघड प्रसिद्ध केला. त्यात सगळं होतं. धर्मगुरूंना लग्नाची मुभा द्या म्हणणारे होते, स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा द्या म्हणणारे होते, आणि चर्चची शिकवण अजिबात सैल करू नका, लॅटिन मिस्सा परत आणा म्हणणारेही होते. लोकांची मूळ वाक्यं अवतरणांत छापली होती. इथपर्यंत काम चोख झालं.

मग उत्तरांमधून सहा विषय काढले गेले: सुवार्ता सांगणारं, सगळ्यांना सामावणारं, प्रार्थनाशील, नम्र आणि जखमा भरणारं, आनंदी आणि सेवाभावी, बदलाला तयार असलेलं चर्च. सहा विषयांवर सहा गटांनी निबंध लिहिले. त्या निबंधांवरून फेब्रुवारी २०२१ मध्ये कार्यपत्रिका आली. कार्यपत्रिकेवरून जूनमध्ये सभेची विषयपत्रिका, १६ प्रश्नांची. प्रत्येक टप्प्यावर भाषा अधिक सभ्य आणि अधिक सामान्य होत गेली. "माझ्या मुलीला चर्चमध्ये जागा का नाही?" असं विचारणाऱ्या आईला त्या १६ प्रश्नांत आपलं वाक्य शोधणं अवघड होतं. सुधारणा मागणाऱ्या प्रापंचिक गटांनी तेव्हाच उघड तक्रार केली, आणि मला ती रास्त वाटते. कुणी मुद्दाम दाबलं असं मी म्हणत नाही. सारांशाचा सारांश काढला की धार जातेच.

धर्मग्रामाच्या पातळीवर हे टाळता येतं. प्रत्येक मुद्द्याखाली लोकांची निदान दोन वाक्यं जशीच्या तशी, त्यांच्या बोलीत ठेवा. किती गटांत तो मुद्दा आला तो आकडा लिहा. एकाच गटात आलेला पण जिव्हारी लागणारा मुद्दा वेगळ्या शीर्षकाखाली ठेवा, "थोड्यांचं मत" म्हणून उडवू नका. परस्परविरोधी मतं आली तर दोन्ही लिहा, मधलं गुळमुळीत वाक्य तयार करू नका. लिहिण्याचं काम दोघांनी करावं, शक्य तर वेगळ्या विचारांच्या. २०२१ मध्ये रोमने धर्मप्रांतांना सारांशासाठी जास्तीत जास्त दहा पानं दिली होती. तशी मर्यादा आली तर सारांश दहा पानांचा द्या, पण सगळी मूळ टिपणं जोडपत्र म्हणून पाठवा आणि एक प्रत ग्रामातल्या कुणालाही वाचता येईल अशी ऑफिसात ठेवा. नावं काढून.

वर पाठवण्याआधी मसुदा एका रविवारी लोकांपुढे वाचा.

सहावी पायरी: सभेत मतदान असेल तर

सिडनीत जुलै २०२२ मध्ये प्लेनरी कौन्सिलचं दुसरं आणि शेवटचं सत्र भरलं, २७७ सभासदांचं. पहिलं सत्र ऑक्टोबर २०२१ मध्ये कोरोनामुळे मुख्यतः ऑनलाइन झालं होतं. ६ जुलैला स्त्री-पुरुषांच्या समान प्रतिष्ठेबद्दलचा विभाग मतदानाला आला. त्यात एक कलम असं होतं की जागतिक चर्चने स्त्रियांना डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पदाचे दीक्षित सेवक) होण्याची परवानगी दिली, तर ऑस्ट्रेलियात ती कशी अमलात आणायची याचा बिशपांनी विचार करावा. बिशपांच्या मतदानात या विभागाला लागणारं दोन-तृतीयांश बहुमत मिळालं नाही.

चहाच्या सुट्टीनंतर साठच्या आसपास सभासद आपापल्या जागेवर बसलेच नाहीत. सभागृहाच्या कडेला उभे राहिले. कुणी घोषणा दिल्या नाहीत. कितीतरी बायका रडत होत्या. पुढचे विषय तसेच रेटणं अध्यक्षांना शक्य होतं. त्यांनी ठरलेला कार्यक्रम थांबवला, लोकांना बोलू दिलं, विभाग नव्याने लिहायला छोटा गट नेमला आणि ८ जुलैला सुधारलेला मजकूर पुन्हा मतदानाला ठेवला. तो मंजूर झाला, डीकनच्या कलमासह.

यावरून कुठल्याही सभेसाठी तीन गोष्टी घेता येतात. वेळापत्रकात किमान अर्धा दिवस रिकामा ठेवा, कारण सगळ्यात नाजूक विषय ठरल्या वेळेत संपत नाही. "मान्य" आणि "अमान्य" यांच्या जोडीला "बदलासह मान्य" हा तिसरा पर्याय द्या आणि कोणता बदल हवा ते लिहायला लावा. नाहीतर ठराव का पडला ते कळतच नाही. आणि सल्ल्याची मतं व निर्णायक मतं यांचे आकडे वेगवेगळे जाहीर करा. त्या दोन आकड्यांतलं अंतर सभेतल्या सगळ्यांना दिसायला हवं.

सातवी पायरी: परत जा

अहवाल वर पाठवल्यावर काम अर्धंच झालेलं असतं. पहिल्या सभेत जी तारीख दिली होती त्या तारखेला लोकांना पुन्हा बोलवा. तीन याद्या वाचा: जे आपण धर्मग्रामात लगेच करतो आहोत, जे बिशपांकडे किंवा त्याहून वर पाठवलं आहे, आणि जे करणार नाही व का नाही. तिसऱ्या यादीत कारण लिहिणं अनिवार्य समजा. नकार कारणासहित मिळाला तर माणूस पुढच्या वेळी परत येतो.

पहिल्या यादीत काय घालावं असा प्रश्न पडला तर पैशापासून सुरुवात करा. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असं चर्चचा कायदा ५३७ व्या कलमात सांगतो. तिच्यात कोण आहे, ती कधी भरते, वर्षाचा जमाखर्च किती, हे फलकावर लावायला रोमची परवानगी लागत नाही. सभांच्या वेळा बदलणं, कौन्सिलमध्ये स्त्रियांची आणि तिशीच्या आतल्यांची संख्या वाढवणं, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणाऱ्यांची पाळी लावणं, हेही इथल्या इथे होण्यासारखं आहे.

दुसऱ्या यादीसाठी एका माणसाला जबाबदार धरा. दर तीन महिन्यांनी त्याने धर्मप्रांत कार्यालयात विचारणा करायची आणि जे कळेल ते, काहीच कळलं नाही तर तेही, मिस्सेनंतरच्या सूचनांमध्ये सांगायचं. २०२७ च्या धर्मप्रांतीय सभेला तुमच्या ग्रामातून जो कोणी जाईल त्याच्या हातात या तिन्ही याद्या आणि मूळ टिपणांची प्रत द्या.